पद्मिनीच्या दाराचं आतलं सामान उतरवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमची प्रीमियर पद्मिनी तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळच्या एका बोळात उभी होती आणि पाणी तिच्या सीटला टेकून गेलं. पूर ओसरल्यावर सगळ्यांनी जे केलं तेच आम्ही केलं. ऑइल बदललं, सीटा गच्चीवर वाळवल्या, कार्पेट टाकून दिलं, दारं बाहेरून धुतली. दारांच्या आत काय झालं असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चार वर्षांनी ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. आतलं पॅनल काढलं, तर दाराच्या तळाशी दोन बोटं गाळ, सुकून वडीसारखा झालेला. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटला तर अख्खा तुकडा हातात आला आणि त्याच्याखाली पत्राच नव्हता.

त्यानंतर त्या गाडीची चारही दारं मी रविवार-रविवार करत स्वतः सोडली, पुढं मित्राच्या अँबेसिडरची दोन. कामात अवघड असं काही नाही. पण पहिल्या दाराला मी एक हँडल मोडलं, एक पॅनल फाडलं आणि एक क्लिप कायमची हरवली. तिन्ही वेळा कारण एकच होतं, बघायच्या आधी ओढलं. जुन्या गाडीच्या दारावरची वस्तू निघत नसेल तर तिला अजून कुठंतरी काहीतरी धरून ठेवलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा डोळ्याला दिसेल अशा जागी नसतं.

पहिल्या दाराला अख्खा दिवस धरा. चौथं दार दोन तासांत होतं.

आधी गाडी ओळखा, मग हँडल

फियाट ११०० डी आपल्याकडं १९६४ पासून बनू लागली. तीच पुढं प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली, कुर्ल्याच्या कारखान्यातून. त्याच्याही आधीची, दारं उलटी उघडणारी ती ‘डुक्कर फियाट’. अँबेसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, हिंदुस्तान मोटर्सची, २०१४ पर्यंत निघत होती. कागदावर बघितलं तर प्रत्येक मॉडेलची हँडल बसवायची पद्धत ठरलेली आहे. पण चाळीस-पन्नास वर्षांत आपल्याकडच्या गाड्यांच्या दारांवरून इतक्या मिस्त्रींचे हात फिरलेत, की मॅन्युअलवर विसंबून चालत नाही. आमच्या चार दारांत हँडल बसवायच्या तीन पद्धती निघाल्या. मागच्या डाव्या दाराला तर कुणीतरी लाकडी कपाटाचा स्क्रू पिळला होता.

म्हणून एका दाराचं कळलं म्हणजे चारही दारांचं कळलं असं धरू नका.

हत्यारं

रुंद पात्याचा एक आणि बारीक पात्याचा एक स्क्रू-ड्रायव्हर. फुली स्क्रू-ड्रायव्हर दोन नंबरचा आणि तीन नंबरचा, दोन्ही नव्या टोकाचे; घासलेल्या टोकानं जुने स्क्रू खराब होतात आणि मग खरं दुखणं सुरू होतं. हलकी हातोडी. ३ मिलिमीटरचा पिन पंच. पंच नसेल तर मोठ्या खिळ्याचं टोक कानशीनं सपाट करून घ्या, चालतो. पक्कड, टोकदार पक्कड, आठपासून तेरापर्यंतचे पाने. एक लांब चिंधी, जुन्या धोतराची किंवा बनियनची, हिचा उपयोग पुढं सांगतो. गंज सोडवायचा स्प्रे. मास्किंग टेप. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण दाराच्या आत दोन्ही हात अडकलेले असतात आणि मोबाइल तोंडात धरून काम होत नाही, मी करून बघितलंय.

पॅनलच्या क्लिपा काढायला दोन दाती चिमटा मिळतो. मी घरातला स्टीलचा जुना कालथा घेतला, त्याच्या टोकाला मध्ये व्हीसारखी खाच उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, ग्राइंडरवर पाडून घेतली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. आईला अजून वाटतं तो कालथा हरवलाय.

हातमोजे वापरा. दाराच्या आतल्या पत्र्याला कापलेल्या खिडक्या असतात, त्यांच्या कडा कारखान्यात कुणी घासलेल्या नसतात. मनगटावर अशी रेघ उठते की पंधरा दिवस आंघोळ करताना आठवण राहते.

आणि डबे. प्रत्येक दाराला एक डबा, आत लहान पिशव्या, पिशवीवर मार्करनं नाव: ‘पुढचं उजवं, काच हँडल’, ‘पुढचं उजवं, आर्मरेस्ट वरचा स्क्रू’. आज तुम्हाला सगळं पाठ असतं. पण दार पेंटरकडं जातं, पेंटर म्हणतो आठ दिवस, आणि ते आठ दिवस गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालतात. तेव्हा पिशवीवरचं नावच कामाला येतं.

सुरुवात करायच्या आधी

गाडी सपाट जागी, दार पूर्ण उघडं, दाराखाली एक जुनी चादर. उडालेली पिन फरशीवर टण्णकन पडून कुठं जाते ते कळत नाही, चादरीवर पडली की सापडते. दारात नंतर बसवलेले स्पीकर असतील किंवा दिव्याचा स्विच असेल तर गाडीच्या बॅटरीची अर्थची, म्हणजे बॉडीला गेलेली, तार सोडा. जुन्या विलायती वळणाच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तेव्हा रंगावर जाऊ नका, कुठली तार बॉडीला गेलीय ते बघा.

काच पूर्ण वर चढवा. मग काच चढवायचं हँडल कुठल्या दिशेला थांबलं त्याचा समोरून फोटो घ्या. आतलं दार उघडायचं हँडल, कुलपाची खुंटी, आर्मरेस्ट, सगळ्याचे फोटो. एक फोटो दुरून, एक जवळून. मग समोरच्या बाजूच्या दाराचाही एक, कारण ते दार तुमचा नमुना आहे. नेमकं याच कारणासाठी दोन्ही पुढची दारं एका वेळी सोडू नका.

हँडल

हौशी माणसाच्या हातून सगळ्यात जास्त मोडतोड होते ती इथंच.

दारावरची चमकणारी हँडलं पोलादाची नसतात. ती मझाकची असतात, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली आणि वर क्रोम चढवलेली. कोल्हापुरात फाउंड्रीशी ज्याचा संबंध आला त्याला हे वेगळं सांगायला नको: असा ओतीव माल वाकत नाही, तुटतो. त्यात पोलादी पिन किंवा स्क्रू पन्नास पावसाळे बसलेला असला की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि दोघं एकमेकांना सोडत नाहीत. मागून स्क्रू-ड्रायव्हर घालून हँडल उचकटलं की दांडा जिथं चौकोनी भोकाला मिळतो तिथून ते फाटतं. माझं तिथूनच गेलं.

तेव्हा आधी बघायचं. हँडल आणि पॅनल यांच्यामध्ये एक गोल चकती असते, प्लास्टिकची किंवा धातूची. पॅनलच्या मागं एक स्प्रिंग तिला बाहेर ढकलत असते. दोन्ही अंगठ्यांनी ती चकती पॅनलकडं दाबा, जितकी जाईल तितकी, आणि फटीत बॅटरीचा उजेड टाका. हँडल थोडं थोडं फिरवत चारी बाजूंनी बघा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

पहिली: हँडलच्या मानेतून आडवी गेलेली पिन. जुन्या मॉरिस-अँबेसिडरच्या घराण्यात ही खास. भोकात गंजाचा स्प्रे मारा आणि चहाला जा. खरंच जा, अर्धा तास. परत आल्यावर एकानं चकती दाबून धरायची आणि हँडलला खालून लाकडाच्या ठोकळ्याचा आधार द्यायचा, दुसऱ्यानं पंच पिनवर ठेवून हलके ठोके मारायचे. आधार न देता ठोकलं तर सगळा मार आतल्या, काच वर-खाली करणाऱ्या मशीनच्या दांड्याला बसतो. एका बाजूनं हलत नसेल तर दुसऱ्या बाजूनं बघा. काही पिना एका बाजूला किंचित जाड असतात आणि एकाच दिशेनं निघतात. मला हे उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी दाखवलं. मी हातोडी उगारली तशी त्यांनी माझा हात धरला. “आरं भावा, नारळ फोडायलाय व्हय? टिचकी मार, टिचकी.” आणि त्यांनी चार टिचक्यांत पिन काढून तळहातावर ठेवली.

पिन वाकली किंवा तुटली तर फार मनाला लावून घेऊ नका. जाडी मोजून लेथवाल्याकडून चार नव्या करून घ्या. कोल्हापुरात लेथवाला शोधायला लागत नाही, तो चुकवायला लागतो. फक्त मूळ पिनेपेक्षा जाड करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्याच पोराला ड्रिल लावावं लागेल.

दुसरी: घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप. ही हँडलच्या मागच्या खाचेत बसून दांड्याच्या गळ्याला धरते. इथं ती चिंधी काढा. चकती दाबून चिंधी हँडल आणि चकती यांच्यामध्ये सरकवा, दोन्ही टोकं दोन हातांत धरा, आणि बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तसं इकडून तिकडं ओढत राहा, हळूहळू हँडलच्या दांड्याकडं सरकत. क्लिपेचं टोक कापडाच्या दोऱ्यात अडकतं आणि क्लिप बाहेर येते. एकदम येते आणि उडते. म्हणून दुसरा माणूस समोर तळहात धरून बसवा, किंवा वरून एक पातळ फडकं टाका. जमलं नाही तर चिंधी उलट बाजूनं घाला. माझी हरवलेली क्लिप हीच. ती गाडीतच कुठंतरी आहे, असा माझा अजूनही समज आहे.

तिसरी: काहीच दिसत नाही. मग स्क्रू समोरून आहे, हँडलच्या मधोमध, आणि त्याच्यावर प्लास्टिकची टोपी बसवलेली आहे. बारीक पात्याला टेप गुंडाळून टोपीच्या कडेखाली घाला. फुली स्क्रूला आधी घट्ट बसणारं टोक लावून हातोडीचा एक ठोका द्या. त्या धक्क्यानं आतली गंजाची पकड सुटते. मगच फिरवा, आणि फिरवताना अंगाचं वजन स्क्रूवर टाका. फिरवण्यापेक्षा दाबणं जास्त, असं प्रमाण ठेवा. ज्योत लावायचा मोह होईल, लावू नका, रेक्झिन क्षणात आकसतं.

हँडल निघालं की दांडा बघा. बारीक दात असलेला असेल तर हँडल परत लावताना कुठल्याही कोनात बसतं. चौकोनी असेल तर चारच कोन मिळतात. दार उघडायच्या हँडललाही हाच न्याय. काही गाड्यांत मात्र ते पॅनलमधून नुसतं डोकावत असतं आणि त्याच्याभोवतीची वाटी एका स्क्रूवर असते. तिथं हँडलला हात न लावता वाटीच काढायची.

कुलपाची खुंटी डावीकडं फिरवली की निघते. आर्मरेस्टचे स्क्रू खालून असतात. दाराखाली डोकं घालून वर बघितलं की दिसतात. दिसले नाहीत तर रेक्झिनच्या शिवणीखाली बोट फिरवा, टणक लागेल.

पॅनल

पॅनल म्हणजे साधारण ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड, त्यावर पातळ फोम किंवा कापूस आणि वर रेक्झिन. कडेनं तारेच्या क्लिपा, त्या दाराच्या पत्र्यातल्या भोकांत घुसून फुगतात. क्लिप पोलादाची, पत्रा पोलादाचा, आणि मधला पुठ्ठा जन्मभर ओल खाल्लेला. तेव्हा आधी कोण तुटणार हे ठरलेलं आहे.

हातानं ओढायचं नाही. खालच्या कोपऱ्यापासून सुरू करा. कालथ्याचं टोक कडेखाली सरकवून डावीकडं-उजवीकडं फिरवा, क्लिपेला अडलं की थांबा. खाच क्लिपेच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजे. कालथा आणि दाराचा रंग यांच्यामध्ये पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवा आणि हलकं उचला. ‘टक्’ असा आवाज आला की पुढची. क्लिपेपासून चार बोटं लांब उचकटलं तर हार्डबोर्ड क्लिपेभोवती गोल फाटतो, क्लिप दारातच राहते.

तळ आणि दोन्ही बाजू सुटल्या की थांबून परत एकदा हात फिरवा. मध्ये कुठं एखादा स्क्रू राहिलाय का? मी पॅनल फाडलं ते इथं. आरशासारख्या चकचकीत रेक्झिनवर, आर्मरेस्टच्या मागं, त्याच रंगात रंगवलेलं स्क्रूचं डोकं होतं. आधी कुणीतरी गाडीला आतून रंग मारला होता आणि स्क्रू वाचवायचे कष्ट घेतले नव्हते.

बहुतेक पॅनलची वरची कड काचेच्या फटीत अडकवलेली असते. ती पुढं ओढून निघत नाही. खालचा भाग थोडा तुमच्याकडं घ्या आणि अख्खं पॅनल सरळ वर उचला. उचलताना दांड्यांवरच्या स्प्रिंगा खाली पडतात. त्या निमुळत्या असतात. रुंद तोंड कुठल्या बाजूला होतं ते पडायच्या आत बघून घ्या.

पॅनल उभं ठेवू नका, वाकतं. सपाट ठेवा, रेक्झिन वर. हार्डबोर्ड फुगून गेला असेल तर त्याची दुरुस्ती करत बसू नका. जुना नमुना नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीनं काढा, कापा, भोकं पाडा, आणि मागच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात द्या, कारखान्यानं दिले नव्हते. रेक्झिन सीट कव्हरवाल्याकडून चढवून घ्या, पण जुनी शिवणीची नक्षी दाखवून. लक्ष्मीपुरीत विचारलंत तर कुणीतरी दाखवेलच.

प्लास्टिकचा कागद, ज्याला कुणी किंमत देत नाही

पॅनलच्या मागं, पत्र्याला डांबरानं चिकटवलेला एक कागद असतो. कधी डांबरी, कधी प्लास्टिकचा. बऱ्याच गाड्यांत तो नसतोच, कारण आधीच्या मिस्त्रीनं फाडून टाकलेला असतो.

कारचं दार पाणबंद नसतं. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी आत येतंच. ते काचेवरून ओघळून दाराच्या तळाशी जावं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशीच त्याची रचना आहे. तो कागद दाराच्या ओल्या भागाला कोरड्या भागापासून वेगळं ठेवतो. कागद गेला की पाणी हार्डबोर्डला लागतं, हार्डबोर्ड फुगतो, क्लिपा सुटतात, पॅनल खडखडतं, आणि मग कुणीतरी त्याला कपाटाचा स्क्रू मारतं. आमच्या मागच्या दाराची कथा एवढीच.

कागद शाबूत असेल तर हेअर ड्रायरनं डांबर कोमट करत, बोथट सुरीनं सोडवा. नसेल तर जाड प्लास्टिक आणा, जुन्या कागदाच्या किंवा पॅनलच्या मापानं कापा. बसवताना त्याची खालची कड पत्र्यातल्या फटीतून दाराच्या आत सोडायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी आतच पडतं. बाहेर ठेवली तर तेच पाणी तुमच्या कार्पेटवर.

आतलं सामान

आता दार उघडं पडलं. इथं पटपट जाता येतं, कारण जे काही आहे ते डोळ्यांसमोर आहे.

दार उघडायच्या हँडलची यंत्रणा दोन-तीन स्क्रूंवर असते आणि तिथून एक सळई मागं लॉकपर्यंत जाते. सळईच्या टोकाला लहान क्लिप. आधी क्लिप सोडा, मग स्क्रू. सळई कुठल्या भोकात होती ते खुणेनं लिहा. लॉकच्या पट्टीला बऱ्याचदा दोन भोकं असतात आणि चुकीच्यात घातली तर हँडल अर्धंच चालतं.

काचेचं मशीन सोडायच्या आधी काचेला आधार हवा. काच वर करून चौकटीला वरून टेप मारा, आणि खाली लाकडाच्या दोन पाचरी ठोका. दाराच्या काचा टफन केलेल्या असतात. मधोमध धक्का सोसतात, पण कडेला पत्र्याची टोकर बसली की एका क्षणात खड्याखड्यांचा ढीग. मशीनच्या बोल्टांची भोकं लांबट असतात, काच सरळ बसवायला. म्हणून बोल्ट हलवायच्या आधी त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढा. नंतर त्याच गोलात बसवलं की काच पहिल्यासारखी चालते, नाहीतर दोन संध्याकाळी काच तिरकी का जातेय हे शोधण्यात जातात.

लॉक दाराच्या कडेला तीन मोठ्या फुली स्क्रूंवर असतं. हे दारातले सगळ्यात हट्टी स्क्रू. हातोडीनं ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर दोन ठोक्यांत सुटतात, नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवसासाठी मागून आणा. इथं साध्या ड्रायव्हरनं कुस्ती खेळू नका, आपण लाल मातीतले असलो तरी.

बाहेरचं हँडल आतून नटांवर असतं. नट सोडताना एक हात बाहेर हँडलवर ठेवा, ते पडून रंगावर ओरखडा काढतं. त्याच्या आणि रंगाच्या मध्ये एक पातळ रबर असतं, वाळलेलं असेल तर सायकल ट्यूबमधून नवं कापा.

समोरच्या तिकोनी काचेच्या वाटेला, ती गळत नसेल तर, जाऊ नका. तिचं रबर मिळेपर्यंत गाडी उघडी पडते.

सामान मिळण्याबद्दल: मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनी होती तोवर जुनी हँडलं, मशीनं, लॉकं तिकडून निवांत यायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. जे जपता येतं ते फेकू नका. मोडलेलं हँडलसुद्धा ठेवा. नवं ओतायला तो नमुना आहे. क्रोम उडालेलं असेल तर नुसतं बफ करून पुन्हा क्रोम चढवणाऱ्याला देऊ नका. मझाकवर आधी तांब्याचा थर लागतो, तो जो देतो त्यालाच द्या. आपल्याकडं दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा गर्दीतून जमलं तर तिच्या दारांची चमक जरा जवळून बघा. जुनं काम कसं दिसायला हवं ते डोळ्यात राहतं.

तळ

गाळ हातानं काढा, मग ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, चष्मा लावून. दाराच्या खालच्या कडेला तीन-चार चिरा किंवा भोकं असतात. जाड तार घालून ती मोकळी करा. पेंटरनं रंगात किंवा सीलरमध्ये ती बुजवलेली असतात, हे मी एकापेक्षा जास्त गाड्यांत बघितलंय. मग काचेच्या फटीतून वरून अर्धा लिटर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. पाणी लगेच धारेनं पडलं पाहिजे. थेंबथेंब पडत असेल तर अजून तार चालवा.

गंज वायर ब्रशनं घासा, गंज मारायचं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण लावा, वाळलं की जस्ताचा प्रायमर. पत्रा गेलाच असेल तर पत्रेवाल्याकडून तुकडा जोडून घ्या. पुट्टी भरून झाकलेलं भोक दोन पावसाळ्यांत पुन्हा हजर होतं. शेवटी आतून मेणाचा फवारा. जळकं इंजिन ऑइल ओतायची जुनी पद्धत आहे, गंज थांबतोही, पण ते उन्हात खाली गळतं, रबरं फुगवतं आणि पांढऱ्या कपड्यांना शोधून काढतं.

काचेच्या मशीनला आणि लॉकच्या दातांना ग्रीस. किल्लीच्या कुलपात ग्रीस घालू नका, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी किल्लीला लावून चार वेळा फिरवा.

परत बसवताना

क्रम उलटा. नालेची क्लिप आधी हँडलच्या खाचेत बसवायची आणि मग हँडल दांड्यावर ठेवून तळहातानं एक थाप मारायची, आपोआप बसते. हँडल आधी लावून क्लिप नंतर घुसवायला जाल तर जेवायची वेळ होईल. काच पूर्ण वर असताना हँडल फोटोतल्याच कोनात यायला हवं, गुडघ्याला न लागणाऱ्या.

आणि पॅनल लावायच्या आधी, दार उघडंच असताना, लॉकच्या तोंडात स्क्रू-ड्रायव्हर घालून ते दोन टप्प्यांत बंद करा, दार लागल्यावर होतं तसं. आता आतलं हँडल ओढा, लॉक सुटलं पाहिजे. परत बंद करा, बाहेरच्या हँडलनं सोडा. परत बंद करा, किल्ली फिरवून बघा. तिन्ही जमलं तरच दार लावा.

मी हे न करता दार लावलं होतं. पॅनल बसवलेलं, काच वर, सळईची क्लिप नीट न बसलेली. आतलं हँडल ओढलं तर लोण्यासारखं मोकळं आलं, बाहेरचं तर मी अजून बसवलंच नव्हतं. दार बंद असलं की पॅनलच्या खालच्या क्लिपांपर्यंत कालथा जात नाही. अशी वेळ आलीच तर डाव्या दारानं आत शिरा, काचेचं हँडल आणि आर्मरेस्ट काढा, पॅनलचा वरचा मागचा कोपरा जितका सुटेल तितका सोडवून तुमच्याकडं वाकवा आणि फटीतून हुक केलेली जाड तार आत सोडा. सळई लॉककडं जिथं जाते तिथं हुक अडकवून पुढं ओढा. मला चाळीस मिनिटं लागली, पॅनलच्या त्या कोपऱ्याला अजून एक सुरकुती आहे. दार उघडून खाली उतरलो, तेव्हा सळईची क्लिप चादरीवर पडलेली होती.